हेलकावणारा स्वर

विद्युत गिटारची सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार बाराव्या किंवा त्यापुढच्या एखाद्या पडद्यावर दाबून छेडली असता काही वाद्यांवर एक चमत्कारिक प्रकार ऐकू येतो. स्वर स्थिर राहत नाही. तो भरतो, ओसरतो आणि पुन्हा भरतो. जणू अगदी जवळजवळचे दोन स्वर एकाच तारेतून निघत आहेत. वादकाचे बोट हललेले नसते, खुंटीही सैल झालेली नसते. तरीही स्वर जुळवण्याच्या यंत्राचा काटा एका जागी ठरत नाही.

अशा वेळी पहिला संशय तारांवर घेतला जातो. नव्या तारा चढवूनही दोष गेला नाही, की दांडी वाकली असावी असे वाटू लागते आणि वाद्य कारागिराकडे जाते. मग ध्वनिवर्धक तपासला जातो. नवखा वादक तर अखेरीस आपल्या कानालाच दोष देतो. यात पैसा आणि उमेद दोन्ही खर्च होतात. आणि खरे कारण मात्र तारेच्या खाली काही मिलिमीटरांवर निमूटपणे बसलेले असते.

हे कारण म्हणजे पिकअपमधील चुंबक होय. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. वर ताणलेली पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात अल्पसा विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो. ध्वनिवर्धक त्यालाच मोठे करतो. परंतु जे चुंबक तारेचे कंपन टिपते तेच तारेला आपल्याकडे ओढतही असते. अंतर पुरेसे असेल तर ही ओढ नगण्य असते. पण अंतर घटत गेले की ती फार झपाट्याने वाढते.

या ओढीने स्वर का हेलकावतो? छेडलेली तार केवळ वर-खाली हलत नाही; ती आडवीही हलते, आणि तिचा मध्य पुष्कळदा लांबट वर्तुळासारखा मार्ग आखतो. वर-खाली होताना तार चुंबकाजवळ आली की अधिक जोराने ओढली जाते. त्यामुळे तिला मूळ जागी परत आणणारा ताण काहीसा दुबळा होतो आणि त्या दिशेचे कंपन मंदावते. आडव्या कंपनावर चुंबकाचा असा परिणाम होत नाही. एकाच तारेला अशा रीतीने दोन कंप्रता प्राप्त होतात. समजा, एका दिशेने तार सेकंदाला १६५ वेळा आणि दुसऱ्या दिशेने १६३ वेळा कंप पावली, तर त्यांच्या मिश्रणातून स्वर सेकंदाला दोनदा भरेल व ओसरेल. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना, त्या मिळण्याच्या बेतात आल्या की ज्या संथ लाटा ऐकू येतात त्या याच जातीच्या. फरक इतकाच, की तेथे तारा दोन असतात आणि खुंटी पिळून लाटा घालवता येतात. येथे तार एकच असल्यामुळे खुंटीचा काही उपयोग होत नाही.

लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ साली बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारशी हा विकार इतका जोडला गेला आहे, की वादक त्याला थट्टेने ‘स्ट्रॅटायटिस’ म्हणतात. या वाद्यात तीन पिकअप असून प्रत्येकात सहा, म्हणजे एकूण अठरा चुंबकदांड्या थेट तारांकडे तोंड करून उभ्या असतात. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास घडवलेल्या दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये चुंबक वेटोळ्यांच्या खाली आडवे असते. तारेपर्यंत पोचणारी ओढ तेथे कमी असते, म्हणून तक्रारही क्वचित येते. मात्र स्ट्रॅटोकास्टरची रचना सदोष आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. आवाज मोठा मिळावा म्हणून पिकअप हौसेने वर चढवण्याची सवयच बहुधा या त्रासाच्या मुळाशी असते.

निदान करताना पुष्कळांची एका ठिकाणी फसगत होते. दांडीजवळचे पिकअप बंद करून दुसरे चालू केले आणि हेलकावा कायम राहिला, तर पहिले पिकअप निर्दोष असे ते ठरवतात. वस्तुतः बटणाने केवळ विद्युत्‌मार्ग तुटतो, चुंबक बंद होत नाही. ध्वनिवर्धकाची वायर काढून टाकली तरी ओढ तशीच राहते. तेव्हा खरी परीक्षा एकच: तिन्ही पिकअप स्क्रू ड्रायव्हरने पुष्कळ खाली उतरवावीत आणि तोच स्वर पुन्हा छेडावा. हेलकावा नाहीसा झाला तर दोषी सापडला. तो राहिलाच, तर मात्र गंजलेली किंवा पीळ पडलेली तार, झिजलेला पडदा, मेरूची खाच यांकडे वळावे.

या स्क्रूंविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. स्ट्रॅटोकास्टरवर स्क्रू आवळला की पिकअप वर येते आणि सैल केला की खाली जाते. फार सैल केल्यास ते सुटून वाद्याच्या पोकळीत पडते. चुंबकदांड्या बोटाने दाबून खाली सरकवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. जुन्या घडणीत वेटोळे थेट त्यांच्यावरच गुंडाळलेले असते, आणि केसासारखी ती तार तुटली की पिकअप मुके होते.

निदान झाल्यावर पिकअप हळूहळू वर आणावीत. तार शेवटच्या पडद्यावर दाबून तिची खालची कड आणि चुंबकाचे टोक यांतील अंतर मोजावे. जुन्या धर्तीच्या पिकअपसाठी जाड तारेच्या बाजूस सुमारे २.४ व बारीक तारेच्या बाजूस सुमारे २ मिलिमीटर अंतर योग्य समजले जाते. दांडीजवळचे पिकअप याहून थोडे खाली ठेवले तरी चालते, कारण तेथे तार सर्वांत जास्त हेलकावते आणि आवाज मुळातच भरदार असतो. अंतर फार वाढवले तर आवाज क्षीण होतो. तेव्हा शेवटचा निर्णय कानानेच घ्यावा.

बाराव्या पडद्यावरचा स्वर जुळवण्यासाठी ब्रिजवरील तारेचे टेकू मागेपुढे करण्याचे काम यानंतरच हाती घ्यावे. चुंबक ओढत असताना ते केले, तर हलत्या काट्याशी झुंजत तासभर घालवावा लागतो, आणि पिकअप खाली उतरवताच ती सारी जुळणी पुन्हा करावी लागते.