धावपट्टी ते घर : मधल्या वाटेचा धनी कोण?

भोपाळ येथे डिसेंबर २०२५ मध्ये मेट्रो रेल्वे सुरू झाली. एम्सपासून सुभाषनगरपर्यंत आठ स्थानके आणि सुमारे सात किलोमीटरांचा मार्ग एवढाच तिचा पहिला टप्पा आहे. तरीही २०१९ साली पायाभरणी झालेले काम अखेर प्रवाशांच्या उपयोगी पडू लागले, याबद्दल भोपाळकरांचे अभिनंदन करणे उचित होय. मात्र या मेट्रोचा मंजूर नकाशा समोर ठेवला की एक गोष्ट डोळ्यांत खुपल्यावाचून राहत नाही. एका बाजूने एम्स ते करोंद आणि दुसऱ्या बाजूने भदभदा ते रत्नागिरी अशा दोन मार्गांचे हे २७.८७ किलोमीटरांचे जाळे शहराच्या राजा भोज विमानतळास कोठेही स्पर्श करीत नाही. उत्तरेकडील मार्ग करोंदला येऊन थांबतो आणि विमानतळ तेथून काही किलोमीटर पश्चिमेस राहतो.

भोपाळच्या या उणिवेची उठाठेव गोमंतकातील दैनिकाने का करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, विमानतळ ही बाब केंद्राची, रस्ता राज्याचा, बस महापालिकेची आणि रिक्षा-टॅक्सी ज्याची त्याची, या चार चुलींच्या संसारात प्रवाशाची उपासमार कशी होते, हे भोपाळात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल. आणि मोपाच्या निमित्ताने तोच संसार आपल्या अंगणातही मांडला गेलेला आहे.

भोपाळच्या विमानतळाची नवी इमारत २०११ साली उभी राहिली. तेथून शहरात यावयाचे म्हणजे गांधीनगरवरून लालघाटीच्या चौकात उतरावयाचे आणि मग मोठ्या तलावाच्या काठाने जाणारा व्हीआयपी मार्ग धरावयाचा. हा मार्ग रमणीय आहे खरा, परंतु त्याच्या एका अंगास तलावाचे पाणी असल्याने तो मनास येईल तसा रुंदावता येत नाही. या तलावाचा समावेश असलेले भोज पाणथळ क्षेत्र २००२ पासून रामसर यादीत आहे, तेव्हा भराव घालून रस्ता वाढविण्याचा विचारही कोणी करू नये. बैरागडची, विमानतळाची आणि शहराची अशी सारी वाहने लालघाटीस एकवटतात. जागा वाढविता येत नसेल तर त्याच जागेतून अधिक माणसे नेणे एवढाच मार्ग उरतो, आणि माणसे अधिक नेण्याचे साधन म्हणजे बस होय. इतकी साधी गोष्ट आहे.

ही गोष्ट भोपाळास ठाऊक नव्हती असे नाही. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या पैशातून मिसरोदपासून बैरागडपर्यंत सुमारे २४ किलोमीटरांची स्वतंत्र बस मार्गिका तेथे आखली गेली आणि २०१३ साली तिच्यावरून बस धावू लागली. ही मार्गिका लालघाटीवरून, म्हणजे विमानतळाच्या रस्त्याच्या तोंडावरून जात होती; पण तिची शाखा विमानतळाकडे वळली नाही. पुढे वाहनधारकांची ओरड वाढली, मार्गिकेमुळे रस्ता अरुंद झाला असा आक्षेप बळावला आणि २०२३ च्या डिसेंबरात नव्या मंत्रिमंडळाने ती उखडण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२४ मध्ये कुदळी चालू लागल्या. ज्या सार्वजनिक पैशाने कठडे उभारले त्याच पैशाने ते पाडले गेले. मार्गिकेत दोष होते हे आम्हीही मान्य करतो. जुन्या शहरात ती सलग नव्हती आणि जी मार्गिका मध्येच तुटते तिच्यातून बसला वेग कसा लाभावा? परंतु दोष दुरुस्त करण्याऐवजी वस्तूच मोडीत काढणे यास नियोजन म्हणत नाहीत.

आता मेट्रोकडे वळू. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भोपाळ आणि इंदूर या दोन्ही शहरांच्या मेट्रोस मान्यता दिली. भोपाळचा अंदाजित खर्च ६,९४१ कोटींचा, तर इंदूरचा ७,५०० कोटींचा. इंदूरच्या ३१.५५ किलोमीटरांच्या वर्तुळात देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ धरलेला आहे आणि भोपाळच्या आराखड्यात राजा भोज विमानतळ नाही. एकाच राज्यातील दोन भावंडांत हा भेद का, असा प्रश्न भोपाळकर विचारतात तेव्हा त्यांची बाजू आम्हांस कळते. तरीही विमानतळापर्यंत मेट्रो न्या, ही मागणी आम्ही उचलून धरणार नाही. देशाच्या कायद्याने ‘मोठा विमानतळ’ म्हणण्यास वर्षाकाठी ३५ लाख प्रवाशांची अट घातली आहे. भोपाळ ती अद्याप पुरी करीत नाही, आणि समजा उद्या केली, तरी दिवसाला ये-जा करणारे प्रवासी दहा हजारही होत नाहीत. तेवढ्यांसाठी प्रत्येक किलोमीटरमागे शेकडो कोटी ओतणे हे करोंद, नादरा बसस्थानक आणि जुन्या भोपाळातील रोज पायपीट करणाऱ्या लाखोंवर अन्याय करणारे ठरेल.

मेट्रो नको, तर मग हवे काय? विमानांच्या वेळापत्रकाशी जुळणारी, पहाटे आणि रात्रीही धावणारी, सामान ठेवण्यास जागा असलेली बस हवी. ती राणी कमलापती स्थानक, भोपाळ जंक्शन आणि करोंद यांस विमानतळाशी जोडील. बैरागडचे रेल्वे स्थानक, ज्यास संत हिरदाराम नगर म्हणतात, तेही दूर नाही. उज्जैनकडचा प्रवासी तेथे उतरून विमान गाठू शकेल, अट एवढीच की स्थानकाबाहेर त्याची कोणी वाट पाहत असले पाहिजे.

विमानतळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर चाकांची पेटी ओढणारा प्रवासी येतो. तेथे पहाटे चार वाजता झाडू मारण्यास येणारी बाई, सामान चढविणारा हमाल, पहाऱ्यावरचा शिपाई आणि उपाहारगृहातला पोऱ्या कोणाच्या ध्यानी नसतो. प्रवासी वर्षातून दोनदा टॅक्सीचे भाडे सोसतो. या माणसांस ती वाट वर्षातून सहाशे वेळा तुडवावी लागते. बसचा हिशेब मांडताना आमच्या मते यांची गणना आधी व्हावयास हवी.

खरा तिढा पैशाचा आहे. विमानतळाचा जमाखर्च फाटकाशी संपतो. फाटकाबाहेरच्या खड्ड्यासाठी, चौकासाठी आणि बससाठी हात पसरावयाचे ते महापालिकेपुढे, जिचे स्वतःचे हात आधीच रिकामे. मुंबईने या बाबतीत एक पाऊल टाकले, ते लक्षात घेण्याजोगे आहे. मेट्रो-३ च्या मूळ अर्थयोजनेत तेथील विमानतळ कंपनीचा वाटा ७७७ कोटी रुपये धरला होता. विमानतळामुळे जी वर्दळ निर्माण होते तिचा काही भार विमानतळाच्या उत्पन्नातून निघावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले. अर्थात मुंबईचाही क्रम पाहावा: सहारचे नवे टर्मिनल फेब्रुवारी २०१४ मध्ये उघडले तेव्हा मोटारींसाठी उन्नत मार्ग त्याच्या जोडीनेच तयार होता, मेट्रोचे स्थानक मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडले. मोटारवाल्यास पहिल्या दिवशी आणि रेल्वेच्या प्रवाशास दहा वर्षांनी! दिल्लीचा अनुभव निराळाच. तेथील विमानतळ मेट्रो २०११ साली खाजगी कंपनीच्या हाती सुरू झाली, बांधकामातील दोषांमुळे २०१२ च्या जुलैत बंद पडली आणि २०१३ च्या जुलैपासून दिल्ली मेट्रो महामंडळालाच ती चालवावी लागली. नफ्याच्या आशेवर सोपविलेली सेवा तोट्याच्या दिवशी शेवटी सरकारच्याच दारात येते.

भोपाळास ७७७ कोटी नकोत. वर्षाकाठी दहा लाख प्रवाशांकडून माणशी दहा रुपये आले असे धरले तरी एक कोटी होतात आणि तेवढ्यात काही बसगाड्यांच्या फेऱ्यांची तूट भरून निघू शकते. विमानाच्या तिकिटावर नाना आकार भरणाऱ्यास हे दहा रुपये जड जातील असे आम्हांस वाटत नाही. पण ही रक्कम बसच्या खात्यावरच पडेल आणि महापालिकेच्या सामान्य तिजोरीत विरून जाणार नाही, याची हमी लेखी हवी.

आपल्याकडे काय झाले, याचाही येथे उल्लेख करणे भाग आहे. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. धारगळजवळच्या महामार्गास जोडणारा सहापदरी रस्ता जुलै २०२४ मध्ये खुला झाला. मधले दीड वर्ष प्रवाशांनी गावच्या रस्त्यांवरून काढले, आणि पेडण्याच्या टॅक्सीचालकांस आपल्याच भूमीवर उभे राहण्याच्या हक्कासाठी आंदोलने करावी लागली. दाबोळीची कथा तर अधिकच विनोदी आहे. विमानतळाशेजारून रेल्वेचे रूळ जातात आणि दाबोळी नावाचे स्थानकही जवळच आहे. विमानातून उतरून त्या स्थानकाची वाट धरणारा प्रवासी वाचकांपैकी कोणी पाहिला असल्यास त्याने आम्हांस अवश्य कळवावे.

भोपाळपुढे मात्र तूर्त एक संधी आहे. केंद्राने २०२१ साली खाजगी हाती सोपविण्यासाठी काढलेल्या पंचवीस विमानतळांच्या यादीत भोपाळचे नाव होते. पट्ट्याने देण्याचा करार जेव्हा केव्हा होईल, तेव्हा शहराशी जोडणाऱ्या सार्वजनिक वाहतुकीचा भार हे त्यातील बंधनकारक कलम असले पाहिजे. करारावर सह्या झाल्यानंतर असे कलम घुसविता येत नाही. दुसरे असे की, ऑगस्ट २०२५ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेने महानगर प्रदेशांच्या नियोजनाचे विधेयक संमत केले आहे. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानेही शहराच्या साऱ्या वाहतुकीसाठी एकच प्राधिकरण नेमण्याची आणि स्थानकांच्या पाच किलोमीटरांच्या परिसरात पूरक बससेवा देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकलेली आहे. मध्य प्रदेश शासनाने हे प्राधिकरण विनाविलंब नेमावे, विमानतळ प्राधिकरणाच्या प्रतिनिधीस त्यात मतासह स्थान द्यावे आणि मेट्रो करोंदला पोहोचेल त्या दिवशी तेथून विमानतळाची पहिली बस सुटेल अशी तजवीज आतापासून करावी. आणि लालघाटीच्या चौकात त्या बसला थांबून राहावे लागू नये म्हणून, नुकतीच उखडलेली मार्गिका तेवढ्या टापूत पुन्हा आखावी लागली, तर त्याची लाज कोणी बाळगू नये.