दहा राग आणि एक फसलेलं मशीन

गॅदरिंगला डीजे लावायचा म्हटलं की आपले पोट्टे विचारतात, बेस किती? त्या बेसचीच ही गोष्ट.

१९७७ साली शिकागोत 'वेअरहाऊस' नावाचा क्लब सुरू झाला. येणारी बहुतेक पोरं कृष्णवर्णीय आणि लॅटिन, त्यातली बरीच समलिंगी. डीजे फ्रँकी नकल्स डिस्को गाण्यांच्या टेप कापून-जोडून गाणी लांबवायचा. 'हाऊस' हे नाव याच क्लबवरून पडलं असं मानतात.

इकडे जपानच्या रोलँड कंपनीने गिटारवाल्यांच्या साथीसाठी टीबी-३०३ हे बेसचं मशीन काढलं. आवाज खऱ्या बेससारखा येईना, १९८४ मध्ये ते बंदच झालं. मग जुनी मशिन्स स्वस्तात मिळू लागली. शिकागोच्या 'फ्यूचर' ग्रुपने तिचे नॉब हवे तसे पिळले. (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, लो-पास फिल्टर आठवा! रेझोनन्स वाढवून कट-ऑफ फिरवला की मशीन अक्षरशः किंचाळतं.) त्यातून १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' आलं, आणि ॲसिड हाऊस सुरू झालं.

पण १९८२ मध्येच मुंबईत, हिंदी सिनेसंगीतात वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी हेच ३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले होते! ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, म्हणजे आपली मींडच की. रेकॉर्ड तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा काहींनी त्यांना ॲसिड हाऊसचे जनकच करून टाकलं. मला ते पटत नाही. शिकागोवाल्यांनी ती ऐकल्याचा पुरावा नाही, आणि सिंग तर राग वाजवत होते. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी युरोपात जाऊन हेच राग पुन्हा वाजवले. २०१५ मध्ये मुंबईत ते वारले.