जाम झालेला चेकनट

बेसिनवरच्या नळाला खालून आवळून धरतो तो चेकनट. नळाचा आटे असलेला दांडा बेसिनच्या भोकातून खाली उतरतो आणि त्यावर हा नट चढवला जातो. घरगुती नळाचा दांडा बहुधा ‘अर्धा इंची’ म्हणवतो, पण आट्यांवरून मोजल्यास त्याचा व्यास सुमारे 21 मिलिमीटर भरतो. इंचाला 14 आटे असतात, म्हणजे पूर्ण एक फेरा दिला तरी नट जेमतेम 1.8 मिलिमीटर सरकतो. एवढ्या बारीक खाचांत वर्षानुवर्षे गंज किंवा क्षार भरत गेला की नट जागचा हलत नाही.

नट कशामुळे धरला आहे हे त्याच्या रंगावरून ओळखता येते, आणि उपायही त्यावरच ठरतो. तांबूस, पापुद्रे सुटणारा थर लोखंडाच्या गंजाचा. नळाचा दांडा पितळेचा, म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाचा असतो. तांबे ओलाव्याला सहज दाद देत नाही, लोखंड देते. पितळी दांड्यावर स्वस्तातला लोखंडी नट बसवला आणि तो सतत ओला राहिला, तर दोन धातूंच्या जोडीत लोखंड अधिकच वेगाने झिजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने तो आट्यांत फुगून पाचरीसारखा बसतो.

पांढरा, चुन्यासारखा थर जड पाण्याचा. ज्या घरांत बोअरचे पाणी येते तिथे खडकातून विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही सोबत येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे; दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतले जाते. बेसिनखाली ठिबकणारे असे पाणी वाळले की क्षार आट्यांतच राहतात. तिसरी खूण म्हणजे हिरवट बुरशीसारखा थर. तो पितळेतल्या तांब्यावर चढतो. पितळ जागोजागी लालसर आणि सच्छिद्र दिसत असेल, तर त्यातले जस्त निघून गेलेले असते. असा दांडा जोर लावताच तुटू शकतो.

कामाला लागण्यापूर्वी अँगल कॉक बंद करून नळ उघडावा, पाणी निथळू द्यावे आणि खाली बादली ठेवून कनेक्शन पाईप सोडवावा. मग तारेच्या ब्रशने उघडे आटे घासावेत, कारण नटाला खाली यायचे असते ते त्यांच्यावरूनच. गंज असेल तर गंज सोडवणारे स्प्रे तेल मारून काही तास थांबावे, जमल्यास रात्रभर. क्षारावर तेल चालत नाही. तिथे व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी नटाभोवती गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी बांधावी. ओटा संगमरवराचा किंवा कोटा फरशीचा असेल तर व्हिनेगर त्यावर सांडू देऊ नये, कारण हे दगडही आम्लाने खाल्ले जातात. संडास धुण्याचे ॲसिड तर वापरूच नये. ते धातू खाते आणि त्याची वाफ घशाला झोंबते.

खाली पडून वर पाहणाऱ्याला नट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा लागतो. दुसऱ्याने वरून नळ धरावा, नाहीतर नळ आणि नट दोन्ही एकत्र गरगरतात. भिंत आणि बेसिन यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत साधा पाना बसत नाही. लांब दांड्याच्या टोकाला आडवा जबडा असलेला बेसिनचा पाना तिथे पोहोचतो. एकदम हिसका देण्यापेक्षा आधी किंचित आवळून मग सोडवावा. त्याने गंजाची पकड तुटते. हातोडीने ठोकाठोक केल्यास चिनी मातीच्या बेसिनला तडा जातो.

एवढ्यानेही नट हलला नाही तर तो कापावा. डोळ्यांवर चष्मा चढवून हॅक्सॉ ब्लेडने दांड्याला समांतर, समोरासमोरच्या दोन बाजूंनी चिरा पाडाव्यात आणि आटे लागण्याच्या जरा आधी थांबावे. चिरेत जाड स्क्रूड्रायव्हर घालून पिळला की नट दुभंगतो. नळ टाकूनच द्यायचा असेल, तर दांडाही नटासकट कापायला हरकत नाही.

नवा नट पितळी किंवा प्लास्टिकचा घ्यावा आणि आट्यांना थोडे ग्रीस लावावे. हा नट पाणी अडवत नाही, फक्त नळ जागेवर धरतो. गळती रोखायचे काम कनेक्शन पाईपमधल्या रबरी वायसरचे असते. म्हणून नटावर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची गरज नसते. हाताने घट्ट बसला की पान्याने अर्धा फेरा पुरतो.