दिवाडी : नदीच्या मर्यादेतले दोन दिवस

सांगलीच्या महाविद्यालयात आम्ही चौघी मैत्रिणी प्रथम एका बाकावर बसलो, त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. लग्नानंतर एक कोल्हापूरला गेली, एक पुण्याला, एक बेळगावला. मी सांगलीतच राहिले. तेव्हापासून एकमेकींना नावाने हाक मारण्याऐवजी कोल्हापूरकर, पुणेकर, बेळगावकर असेच म्हणण्याची सवय आम्हाला जडली. दरवर्षी चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा झाली, की दोन दिवस कोठेतरी एकत्र घालवायचे, हा आमचा नेम. गेली दोन वर्षे मात्र तो मोडला होता. बेळगावकरचे यजमान गेले आणि तिने उंबरठा ओलांडणेच सोडून दिले.

यंदा तिचाच फोन आला. आवाज शांत होता. "वाडा विकायचं ठरलंय. मुलगा बंगळुरूला ये म्हणतो. रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक पक्कं करायला येणार आहे. त्याआधी एकदा येऊन जा, म्हणजे शेवटचं बघणं होईल."

पुणेकर म्हणाली, "वाडा बघायला नाही, तुला न्यायला येतो. रविवारी दिवेलागणीच्या आत घरी सोडू."

बेळगावहून काही तासांत पोहोचता येईल आणि तरीही जग मागे टाकल्यासारखे वाटेल असे ठिकाण हवे होते. कोल्हापूरकरने दिवाडी बेटाचे नाव सुचविले. जुन्या गोव्याच्या समोर, मांडवी नदीच्या पात्रात हे बेट आहे. बेटावर जायला रस्त्याचा पूल नाही. फेरीबोटीनेच जावे लागते. पूल व्हावा की होऊ नये, हा वाद तेथे वर्षानुवर्षे चालू आहे.

शनिवारी पहाटे निघालो. चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली करीत आम्ही नार्वे गावी आलो. येथे एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. नार्वे नावाची गावे दोन आहेत : एक दिवाडी बेटावर आणि दुसरे नदीच्या अलीकडच्या काठावर, डिचोली तालुक्यात. या दोन नार्व्यांना जोडणारी कथा सप्तकोटेश्वराची आहे.

सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्य दैवत. त्याचे मूळ देवालय बेटावर होते. बहामनी आक्रमणात ते उद्ध्वस्त झाले. विजयनगरच्या काळात माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने ते पुन्हा पाडले. तेव्हा श्रद्धाळू माणसांनी देवाचे लिंग नदीपार आणून अलीकडच्या काठावर लपविले. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तेथे देवालयाचा जीर्णोद्धार करविला. त्याचा शिलालेख आजही तेथे आहे. अलीकडे गोवा शासनाने या वास्तूचे जतन-संवर्धन केले आणि २०२३ मध्ये ती पुन्हा खुली झाली. समोर दीपमाळ, वर घुमट, भोवती माडा-पोफळीची गर्द झाडी. जवळच जैनकोट नावाचे स्थान आहे. जांभ्या दगडाच्या पडक्या भिंती, त्यांवर उगवलेले गवत. एके काळी येथे जिनालय होते. आम्ही चौघींनी तेथे उभ्यानेच णमोकार म्हटला. मूर्ती नाही, शिखर नाही. तरी पादत्राणे मात्र नकळत बाहेरच काढली गेली होती.

बेळगावकर त्या भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिली. "देऊळ पलीकडून अलीकडे आलं, ते टिकलं," ती म्हणाली. "हे इथंच राहिलं, ते असं झालं. घराचंही असंच होईल ना गं?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर सुचले नाही.

धक्क्यावर फेरीबोट उभी होती. पायी जाणाऱ्याला भाडे द्यावे लागत नाही. मोटारीला थोडेसे पडते. बोट सुटली तेव्हा कोल्हापूरकर म्हणाली, "आपण आज देशव्रत घेऊ या. उद्या दुपारच्या जेवणापर्यंत नदीच्या पलीकडे जायचं नाही आणि पलीकडचे व्यवहारही करायचे नाहीत."

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी हे व्रत आपल्याला ठाऊक असते, पण त्याचा विचार आपण क्वचितच करतो. दिग्व्रताने जन्मभरासाठी दिशांची मर्यादा घालायची आणि देशव्रताने ती काही काळापुरती आणखी आखडून घ्यायची. ही मर्यादा कशाने आखावी, हे सांगताना रत्नकरंड श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी घर, गाव, शेत, वन यांच्याबरोबर नदीचाही उल्लेख केला आहे. घरी बसून अशी रेघ कल्पनेने ओढावी लागते. येथे ती चारी बाजूंनी वाहत होती. बेळगावकर क्षणभर घुटमळली, कारण मध्यस्थाचा फोन कोणत्याही घटकेला येईल अशी तिची अटकळ होती. मग तिने पाण्याकडे पाहत हात जोडले.

आमची उतरण्याची सोय एका वयस्क ख्रिस्ती बाईंच्या घरी होती. उंच जोते, पुढे ओटा, ओट्यावर दोन्ही बाजूंना बसण्यासाठी बांधलेले कट्टे, कौलारू छप्पर. "येयात, बसात," म्हणून त्यांनी स्वागत केले. आमच्या जेवणाचे नियम फोनवर आधीच कळविले होते, तरी त्यांचे आश्चर्य ओसरले नव्हते. "कांदोय ना, बटाटोय ना?" असे त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतले. आम्ही पाणी गाळण्यासाठी पिशवीतून गाळणे काढले तेव्हा त्या कौतुकाने जवळ येऊन पाहू लागल्या. दुपारी पानात उकड्या तांदळाचा भात, नारळ घातलेले वरण, दुधीची भाजी, अळसांद्यांची उसळ आणि लसणीशिवाय केलेली सोलकढी आली. वाढताना त्या म्हणाल्या की लसणीवाचून सोलकढी इतकी चांगली लागते हे त्यांना आजवर माहीत नव्हते.

ऊन कलल्यावर त्या आम्हाला शेताकडे घेऊन गेल्या. मांडवीचे पाणी येथे भरती-ओहोटीचे, म्हणून खारे. तरीही बेटाच्या सखल भागात भात पिकते. या जमिनींना खाजन म्हणतात. नदीच्या कडेने मातीचे व जांभ्या दगडाचे बांध घालून खारे पाणी बाहेर थोपविलेले असते. बांधात जागोजागी लाकडी झडपांची दारे असतात. त्यांना मानस म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले की त्याच रेट्याने झडप मिटते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला उघडून बाहेर पडते. यंत्र नाही, वीज नाही. चंद्राच्या गतीवर चालणारे हे दार आहे. खाऱ्या जमिनीतही तग धरणारे कोरगुट नावाचे भात येथे पूर्वापार लावले जाते.

ही व्यवस्था एकट्या शेतकऱ्याची कधीच नव्हती. गोव्यात गावची जमीन गावकरी मिळून सांभाळीत. या गावकरीच्या पद्धतीला पोर्तुगीज काळात कोमुनिदाद हे नाव पडले. दरवर्षी बांध पाहायचा, भगदाड दिसले की बुजवायचे, हे सर्वांचे काम. कारण बांध एका ठिकाणी फुटला तरी खारे पाणी एकाच्या शेतात थांबत नाही. एकाने दुर्लक्ष केले की शेजाऱ्याचेही पीक जाते आणि मीठ मुरलेली जमीन लवकर ताळ्यावर येत नाही.

परतताना वाटेत बंद घरे दिसू लागली. बेटावरची पुष्कळ माणसे पिढ्यान्‌पिढ्या नोकरीधंद्यासाठी मुंबईला आणि परदेशी गेली. एका घराच्या दाराला कुलूप होते, परंतु ओटा झाडलेला आणि तुळईखाली कोळिष्टकाचा मागमूस नव्हता. आम्ही विचारले तेव्हा बाईंनी कमरेचा जुडगा वर करून दाखविला. शेजारच्या तीन घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. दर रविवारी प्रार्थनेहून आल्यावर त्या तिन्ही घरांच्या खिडक्या उघडतात, वारा खेळू देतात, दुपारी लावून घेतात. मोडक्या मराठीत त्या म्हणाल्या, "ती लोकं गेली. पण किल्ली नेली नाही."

बेळगावकर वाटेतच थांबली.

सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकून आम्ही पिएदादच्या टेकडीवर गेलो. माथ्यावर मोठे चर्च आहे. शेजारच्या दफनभूमीत एक छोटी, फार जुनी वास्तू आहे. तिच्यात कदंबकालीन मंदिराचे अवशेष मिसळलेले आहेत, असे मानतात. खाली नदीची वळणे, खाजनांचे हिरवे-पिवळे चौकोन, पलीकडे माडांच्या शेंड्यांवर जुन्या गोव्यातील चर्चचे मनोरे. पश्चिमेला चोडण बेट, तेथे डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. त्या दिशेने बगळ्यांच्या रांगा जात होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. मध्यस्थ. बेळगावकरने फोनकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. आम्ही कोणीच काही बोललो नाही. तिने तो वाजू दिला. वाजून वाजून तो थांबला.

मग ती बोलू लागली. दोन वर्षांत प्रथमच.

"वाड्याचं मला एवढं काही नाही गं. भिंती काय, आज आपल्या, उद्या दुसऱ्याच्या. पण आमच्या परसात आड आहे, तुम्ही पाहिलाय. सासऱ्यांनी बोळाच्या बाजूनं दार ठेवलं होतं. उन्हाळ्यात नळ बंद पडला की चार घरं तिथून पाणी नेतात. घेणारा म्हणतो, आड बुजवून गाड्या लावायला जागा करणार. मुलाला सांगितलं तर तो म्हणतो, आई, आता त्याचा विचार आपण कशाला करायचा? मलाही वाटलं, खरंच, कशाला? आपण तर निघालो. पण आज ते बांध पाहिले आणि..." तिने वाक्य पुरे केले नाही.

पुणेकर हिशेबी स्वभावाची. ती म्हणाली, "खरेदीखतात अट घालता येते का, ते वकिलाला विचार. नसेल तर दुसरं गिऱ्हाईक बघ. पैसे कमी येतील."

"येऊ देत," बेळगावकर म्हणाली. त्यानंतर अंधार पडेपर्यंत आम्ही तेथेच बसून राहिलो.

रात्री झोपल्यावर दुरून आगगाडीचा आवाज आला. कोकण रेल्वेचा मार्ग या बेटावरून जातो, पण बेटावर स्थानक नाही. गाडी येते, खडखडत जाते; बेट तसेच झोपलेले राहते.

रविवारी सकाळी सामायिक आटोपून आम्ही बेटावरच्या नार्व्याला कोटितीर्थाच्या जुन्या तळ्यापाशी जाऊन आलो. मूळ सप्तकोटेश्वराचे स्थान याच परिसरात होते. न्याहारीच्या वेळी बाईंनी बोंदेरामची गोष्ट सांगितली. पूर्वी येथल्या वाड्यांमध्ये हद्दीवरून भांडणे होत. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी हद्दीवर निशाणे रोवली, तर लोकांनी ती दगड मारून पाडली. आज ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी त्याचाच उत्सव होतो. वाडा वाडा आपली निशाणे मिरवतो आणि मुले बांबूच्या नळीच्या बंदुकांतून फळे उडवितात. हद्दीचे भांडण हद्दीच्या खेळात कसे बदलले, हे सांगताना त्या स्वतःच हसत होत्या.

ज्या भगिनींना जावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. बेटावर जुने गोवे, रायबंदरचा सां पेद्रु धक्का आणि नार्वे अशा तीन ठिकाणांहून फेरीबोटी जातात. पावसाळ्यानंतरचे महिने उत्तम. खाजने तेव्हा पाहण्यासारखी असतात. समुद्रकिनाऱ्यावरची गजबज येथे नाही. ती हवी असेल त्यांनी येऊ नये. भोजनाचे नियम आधी कळवावेत, आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचे आहे हे तर दोनदा सांगावे. आपल्यासाठी कोणी चूल लवकर पेटविली, तर तिच्या स्वयंपाकघरात जाऊन दोन शब्द बोलून यावे. आम्हाला ओट्यापेक्षा त्या स्वयंपाकघराचीच आठवण अधिक येते.

दुपारचे जेवण झाले, व्रताची मुदत संपली. बोटीत चढण्याआधी बेळगावकरने मुलाला फोन लावला. काय बोलली ते आम्ही ऐकले नाही. धक्क्याच्या टोकाला ती पाठमोरी उभी होती. परत आल्यावर एवढेच म्हणाली, "त्याला म्हटलं, निघून जाणं वेगळं आणि टाकून जाणं वेगळं. मी निघते आहे."

दिवेलागणीच्या आत आम्ही तिला घरी पोहोचविले. ठरल्याप्रमाणे गिऱ्हाईक आले आणि अट ऐकून उठून गेले. पुढे तीन आठवड्यांनी दुसरे आले. किंमत थोडी उतरली, परंतु आड ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आणि तसे लिहूनही दिले. माघात बेळगावकर बंगळुरूला गेली. बोळाच्या बाजूच्या दाराची किल्ली तिने नेली नाही. ती शेजारणीच्या कमरेला आहे.