हरित गृह प्रमाणन

निवासी इमारतीचे स्थान, अभिकल्प, बांधकाम व वापर यांमुळे पर्यावरणावर पडणारा भार ठरावीक निकषांनुसार अजमावून तिला श्रेणी देण्याच्या पद्धतीस हरित गृह प्रमाणन म्हणतात. प्रमाणपत्र संपूर्ण इमारतीस मिळते. तीत वापरलेल्या विटा, रंग वा उपकरणे यांना मिळणारी मानचिन्हे वेगळी होत.

अशी पहिली व्यापक पद्धती ब्रिटनमधील इमारत संशोधन संस्थेने १९९० मध्ये ‘ब्रीॲम’ या नावाने सुरू केली. अमेरिकेत १९९३ मध्ये हरित इमारत परिषद स्थापन झाली आणि १९९८ मध्ये तिची ‘लीड’ ही पद्धती प्रायोगिक स्वरूपात आली. भारतीय हरित इमारत परिषद २००१ मध्ये स्थापन झाली. हैदराबाद येथील सोराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राच्या इमारतीस ‘लीड’ची सर्वोच्च (प्लॅटिनम) श्रेणी मिळाली, अमेरिकेबाहेरील ही अशी पहिली इमारत. परंतु ती कार्यालयीन होती. या परिषदेने घरांसाठी स्वतंत्र पद्धती २००८ मध्ये आणली. तत्पूर्वी २००७ मध्ये, ऊर्जा व संसाधन संस्था (टेरी) आणि केंद्र शासनाचे ऊर्जा मंत्रालय (नवीन व नवीकरणीय) यांनी सिद्ध केलेली ‘गृह’ ही एक ते पाच तारे देणारी पद्धती राष्ट्रीय पद्धती म्हणून स्वीकारली गेली होती.

निकष सामान्यतः दोन प्रकारचे असतात : अनिवार्य व ऐच्छिक. अनिवार्य निकष पाळल्याखेरीज इमारत विचारात घेतली जात नाही. ऐच्छिक निकषांचे गुण मिळवून श्रेणी ठरते. पर्जन्यजल संचय, सांडपाण्याचा पुनर्वापर, राखमिश्रित सिमेंट, कचऱ्याचे वर्गीकरण, सौर ऊर्जा इत्यादींचा त्यांत समावेश होतो.

उष्ण प्रदेशात मात्र सर्वांत निर्णायक बाब म्हणजे भिंती, खिडक्या व छप्पर यांतून आत येणारी उष्णता. साच्यात ओतलेली १५ सेंमी. जाडीची काँक्रीटची भिंत दोन्ही बाजूंच्या तापमानांतील प्रत्येक अंश फरकामागे दर चौ.मी.ला सु. ३.५ वॉट उष्णता आत सोडते, २० सेंमी. जाडीच्या सच्छिद्र हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीतून एक वॉटपेक्षाही कमी उष्णता येते. साध्या काचेतून तर उष्णतेच्या वहनाखेरीज सूर्यप्रकाशही थेट आत शिरतो. तो खिडकीबाहेरच छज्ज्याने अडविणे, हा आतून पडदा लावण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक उपाय आहे. कारण काचेतून आत आलेले प्रारण पडद्यावर पडले, तरी त्याची उष्णता खोलीतच राहते. ऊर्जा कार्यक्षमता केंद्राने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इको निवास संहिते’त थंड हवामानाचा प्रदेश वगळता इतरत्र, छप्पर सोडून उरलेल्या बाह्य आवरणातून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौ.मी.ला १५ वॉट ठरविली आहे. वाऱ्यासाठी उघडता येण्याजोगे खिडक्यांचे क्षेत्र उष्ण व दमट प्रदेशात घराच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के, तर उष्ण व कोरड्या प्रदेशात १० टक्के असावे, असेही तीत सांगितले आहे. जुन्या कोकणी घरांच्या रुंद पडव्या आणि उतरती छपरे यांचे कार्य बव्हंशी हेच होते. त्यांना प्रमाणपत्र कोणी दिले नाही इतकेच.

प्रमाणनास चालना देण्यासाठी शासन सवलती देते. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ‘गृह’चे तीन, चार व पाच तारे अथवा समकक्ष श्रेणी मिळविणाऱ्या इमारतींना मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर अनुक्रमे ३, ५ व ७ टक्के वाढ दिली आहे. या व्यवस्थेतील विसंगती येथेच दिसते. वाढीव क्षेत्राचा लाभ विकासकाला विक्रीच्या वेळीच मिळतो, तर विजेची व पाण्याची बचत रहिवाशाच्या पदरी पुढील अनेक वर्षांत पडायची असते. प्रमाणनाचे शुल्कही विकासकच भरतो. शिवाय अभिकल्पावरून दिलेली प्राथमिक श्रेणी जाहिरातीत झळकते आणि अंतिम श्रेणी बांधकाम पूर्ण झाल्यावर ठरते. खरेदीदाराने या दोहोंतील फरक ध्यानात घेणे इष्ट ठरते.

गणिताने वर्तविलेला वीजवापर आणि प्रत्यक्ष देयकावरील वापर यांत अनेकदा मोठी तफावत आढळते. सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा खर्चाच्या भीतीने बंद ठेवली जाते, बंदिस्त केलेल्या सज्जामुळे वारा अडतो. म्हणून रहिवास सुरू झाल्यावर काही काळाने पुन्हा मोजणी करणे, हा श्रेणीचा खरा कस होय. दुसरा आक्षेप मापाच्या एककाविषयी आहे. दर चौ.मी.मागील वापर मोजला, की दोन माणसांचा प्रशस्त बंगलाही ‘हरित’ ठरू शकतो आणि सहा जणांचे दोन खोल्यांचे घर मागे पडते. ‘लीड’च्या घरांसाठीच्या २००८ च्या पद्धतीत यावर तोड म्हणून, शयनकक्षांच्या संख्येच्या मानाने घर मोठे असल्यास श्रेणीसाठी लागणारे किमान गुण वाढविले जात.