बीभत्साचे कारागीर

पांढऱ्याशुभ्र ताटलीत निरनिराळ्या भाज्या कापून, जोडून, एकमेकींत गुंतवून मानवी हृदयाचा आकार रचावा, तो तसाच ठेवून देऊन त्याचे कोमेजणे, काळवंडणे आणि अखेर सडणे छायाचित्रांत क्रमाक्रमाने टिपावे, आणि ते चित्र एका ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर छापावे, ही कल्पना ज्यांना विक्षिप्त वाटेल त्यांना ती काढणाऱ्या मंडळींचा पूर्वेतिहास ठाऊक नसावा. लिव्हरपूलच्या 'कारकस' या मेटल बँडचा 'टॉर्न आर्टरीज', म्हणजे फाटलेल्या धमन्या, हा अल्बम १७ सप्टेंबर २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठ पोलंडच्या झ्बिग्न्येव्ह बिएलाक या चित्रकाराचे आणि त्यामागची प्रेरणा 'कुसोझु' या जपानी चित्रपरंपरेची. तीत मृत देहाच्या विघटनाच्या नऊ अवस्था एकामागून एक रंगविलेल्या असतात. या परंपरेची मुळे शोधू गेल्यास ती बौद्ध मार्गाने आपल्याच भूमीत येऊन पोचतात, कारण स्मशानातील प्रेताच्या नऊ अवस्थांचे चिंतन भिक्षूने करावे असे सतिपट्ठान सुत्तातच सांगितले आहे. आणि दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील जन्मदुःखाचे निरूपण ज्याने एकदा तरी वाचले आहे त्या मराठी वाचकाला शरीराच्या अमंगलपणाची सविस्तर नोंद नवी वाटण्याचे कारण नाही. फरक आहे तो हेतूचा. समर्थांना श्रोत्याच्या मनात वैराग्य उपजवावयाचे होते. लिव्हरपूलच्या या पोरांना, निदान प्रारंभी तरी, शेजाऱ्यापाजाऱ्यांना हादरवावयाचे होते.

१९८५ साली बिल स्टीअर हा गिटारवादक आणि केन ओवेन हा ड्रमवादक यांनी हा बँड उभा केला तेव्हा दोघेही शाळकरी वयाचे होते. थोड्याच अवधीत गायन आणि बेस गिटार सांभाळणारा जेफ वॉकर त्यांना येऊन मिळाला. स्टीअर त्याच सुमारास बर्मिंगहॅमच्या 'नेपाम डेथ' या बँडातही वाजवीत होता आणि त्या बँडच्या १९८७ सालच्या 'स्कम' या पहिल्या अल्बमचे मुखपृष्ठ वॉकरने रेखाटले होते. म्हणजे अतिद्रुत, कर्णकर्कश आणि हेतुतः कुरूप अशा संगीताचा जो नवा संप्रदाय तेव्हा इंग्लंडात जन्मास येत होता त्याच्या जन्मदाखल्यावर या मंडळींच्या सह्या आहेत. १९८८ साली 'रीक ऑफ प्युट्रिफॅक्शन' हा कारकसचा पहिला अल्बम निघाला. त्याचे ध्वनिमुद्रण इतके गढूळ होते की वाद्ये एकमेकांत मिसळून गेली, वैद्यकीय छायाचित्रांची कात्रणे जोडून केलेले मुखपृष्ठ पाहून भल्याभल्यांना अन्न गोड लागेना, आणि पुढील काही आवृत्त्यांना निराळे, सोवळे वेष्टन घालावे लागले. तथापि बीबीसी नभोवाणीवरील जॉन पील या चोखंदळ निवेदकाने वर्षातील आपल्या आवडत्या अल्बमांत त्याची गणना केली, आणि एवढ्या एका शिफारशीने या पोरांना विद्वत्सभेत प्रवेशाची सनद मिळाल्यासारखे झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही मंडळी शाकाहारी होती. मांसाचे, आतड्यांचे आणि पुवाचे जे वर्णन त्यांनी वैद्यकीय कोशातील भारदस्त लॅटिन शब्दांत केले त्यात विकृतीचा आनंद थोडा आणि ताटातील मांसाकडे निर्विकारपणे पाहणाऱ्या समाजाला दिलेला टोमणा अधिक होता. भरताने जुगुप्सेला स्थायीभाव मानून बीभत्साला रसांच्या पंक्तीत बसविले, पण आपल्या साहित्यात त्या रसाची वहिवाट बहुधा युद्धवर्णनापुरतीच राहिली. कारकसने त्याला मुख्य पात्र केले आणि त्याच्या हाती विनोदाची सुरी दिली. हा विनोद ज्यांना दिसला नाही त्यांनी त्यांचे अनुकरण पुष्कळ केले. त्या अनुकरणांतील बहुतेक ऐकवत नाहीत.

पुढील पाच वर्षांत या बँडने जी मजल मारली ती त्या संप्रदायात विरळाच म्हणावी लागेल. मायकेल अमॉट या स्वीडिश गिटारवादकाची जोड मिळाली, कॉलिन रिचर्डसनसारखा निर्माता लाभला, आणि १९९३ च्या 'हार्टवर्क'मध्ये तीच दाहकता कायम ठेवून दोन गिटारींचे समांतर चालणारे, गुणगुणता येण्याजोगे सुरावटींचे पदर अवतरले, मुखपृष्ठावर एच. आर. गीगर या स्विस कलावंताचे शिल्प आले. मग कोलंबियासारख्या बलाढ्य कंपनीशी करारनामा झाला, आणि बलाढ्य कंपनीच्या कारभारात जे व्हावयाचे तेच झाले. मतभेद विकोपास गेले, बँड बरखास्त झाला, आणि 'स्वानसाँग' हा तयार अल्बम १९९६ साली जुन्या 'इअरेक' कंपनीकडून, बँड हयात नसताना, बाहेर पडला.

१९९९ साली केन ओवेनला मेंदूत रक्तस्राव झाला. तो दीर्घ काळ बेशुद्ध होता, वाचला, परंतु ज्या हातापायांनी त्याने या संगीताचा वेग ठरविला होता त्यांना ती गती पुन्हा लाभली नाही. २००८ साली बँडची पुन्हा जुळवाजुळव होऊन मैफली सुरू झाल्या तेव्हा ड्रमवर दुसरा वादक होता. ओवेन मात्र रंगमंचावर येई, थोडा वेळ वाजवी, आणि हजारोंचा तो समुदाय त्याच्या मंदावलेल्या ठोक्यांना जी दाद देई ती मोठमोठ्या वादकांच्याही वाट्यास येत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये 'सर्जिकल स्टील' आला. त्यात ड्रम वाजविले डॅन वाइल्डिंगने, जो वॉकर-स्टीअरहून वयाने पुष्कळ लहान. पण पाठीमागच्या आवाजांत ओवेनचा आवाज आवर्जून घेतलेला होता. सतरा वर्षांच्या खंडानंतर परतलेले बहुतेक बँड आपल्याच तारुण्याची नक्कल करतात. हा अल्बम त्या दोषापासून बहुतांशी मुक्त राहिला, याचे श्रेय मी स्टीअरला देतो: मधल्या काळात तो 'फायरबर्ड' नामक बँडात जुन्या वळणाचा ब्लूज-रॉक वाजवीत राहिला होता, आणि त्याच्या बोटांत मोकळा श्वास घेण्याची सवय मुरली होती.

या संगीताची घडण थोडी समजून घेतली पाहिजे, कारण बाहेरून ऐकणाऱ्यास ती केवळ गलबला वाटते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा नेहमीचा स्वर षड्ज मानला तर ही मंडळी तिला मंद्र पंचमापर्यंत उतरवितात; तार सैल पडू नये म्हणून ती अधिक जाड घ्यावी लागते, आणि त्या जाड तारेवर उजव्या हाताचा तळवा टेकवून काढलेला बोथट, दाणेदार आघात हा या वाद्यरचनेचा पाया होय. त्याखाली ड्रमवादक दोन्ही पायांनी मोठा ढोल आणि हातांनी स्नेअर व झांजा इतक्या जलद आलटून-पालटून वाजवितो की ठोके सुटे न राहता त्यांची सलग भिंत उभी राहते. वॉकरचे गायन म्हणजे घशाच्या वरच्या भागातून काढलेला खरखरीत चीत्कार. त्यात सूर शोधू नये, लय शोधावी. व्यंजनांचे ठोके तो ड्रमच्या ठोक्यांशी असे बेमालूम जुळवितो की लॅटिन वैद्यकीय शब्द त्याला का मानवले हे तेथे उमगते: त्यांत कठोर व्यंजने मुबलक असतात.

'टॉर्न आर्टरीज' सावकाश, वर्षभराच्या अवधीत, तुकड्यातुकड्याने घडला. ड्रम स्वीडनमध्ये मुद्रित झाले, गिटारी इंग्लंडात लीड्स येथे, आणि अखेर स्टॉकहोमच्या ग्रेन्दाल स्टुडिओत डेव्हिड कास्टिओच्या देखरेखीखाली गायन, बेस आणि उरलेल्या गिटारींचे काम पुरे झाले. ऑगस्ट २०२० ही प्रकाशनाची मुदत मुक्रर झाली होती. महामारीने मैफलींची दारे बंद केली आणि प्रकाशन तहकूब झाले. मध्यंतरी ऑक्टोबरात 'डेस्पिकेबल' हे चार गाण्यांचे छोटे प्रकाशन रसिकांच्या हाती ठेवण्यात आले. अल्बमचे नाव कोठून आले, तर ओवेनने ऐंशीच्या दशकात, अगदी पोरवयात, केलेल्या एका कच्च्या ध्वनिफितीवरून. जो आता पूर्वीसारखा वाजवू शकत नाही त्याच्या पहिल्या खटपटीचे नाव सातव्या अल्बमला देणे ही कृतज्ञता खरीच, पण या मंडळींनी तिचा गाजावाजा न करता ती नोंदवहीतल्या नोंदीप्रमाणे केली, हे मला अधिक आवडते.

दहा गाण्यांत सर्वांत महत्त्वाकांक्षी आहे ते 'फ्लेश रिपिंग सॉनिक टॉर्मेंट लिमिटेड'. १९८७ सालच्या त्यांच्याच कच्च्या ध्वनिफितीचे नाव घेऊन त्याला 'लिमिटेड' अशी कंपनी कायद्याची शेपटी जोडली आहे, आणि जवळजवळ दहा मिनिटांच्या त्या विस्तारात साध्या तंतुवाद्याच्या शांत झंकारापासून घनघोर द्रुतगतीपर्यंत अनेक मुक्काम येतात. ज्यांची पहिली गाणी दोन-तीन मिनिटांत आटोपत त्यांनी इतका लांब पट मांडावा याचे कौतुक वाटते. मात्र मधल्या भागात एक-दोन ठिकाणी सांधे दिसतात, हेही सांगितले पाहिजे. उलट 'इन गॉड वी ट्रस्ट'मध्ये चक्क टाळ्यांचा ठेका येतो, आणि कीर्तनात टाळ्या ऐकत वाढलेल्या कानालाही त्या जागी त्या ऐकून क्षणभर दचकावयास होते. जुन्या भक्तांपैकी काहींना तो प्रमाद वाटेल. मला तो या अल्बममधील सर्वांत निर्भय क्षण वाटतो.

लिव्हरपूल म्हटले की जगाला बीटल्स आठवतात, आणि त्या गावात वाढलेल्या प्रत्येक वादकाच्या डोक्यावर ते कर्ज असते. वॉकरने ते आपल्या रीतीने फेडले आहे. एका गाण्याला त्याने 'एलीनॉर रिगर मॉर्टिस' असे नाव दिले, बीटल्सच्या गाण्यातील त्या एकाकी एलीनॉरचे आडनाव खोडून तेथे प्रेताच्या ताठरपणाची वैद्यकीय संज्ञा बसविली. गायकीच्या या तऱ्हेत शब्द कानांना फारसे लाभत नसल्यामुळे असले विनोद छापील कागदावरच वाचावे लागतात. कागद वाचून हसू आल्यावर गाणे पुन्हा लावावे, तरी ती एलीनॉर त्या गदारोळात कोठे उभी आहे ते चटकन सापडत नाही.