टाचेतील खिडकी

दिल्लीच्या लोदी उद्यानात पहाटे धावणाऱ्यांच्या पायांकडे लक्षपूर्वक पाहिले, तर एखाद्या बुटाच्या टाचेत लहानशी पारदर्शक खिडकी आढळते. ती शोभेसाठी असावी असे वाटते; वस्तुतः तिच्यामागे मोठा इतिहास आहे.

धावताना प्रत्येक पावलागणिक देहाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. हा आघात सौम्य करण्यासाठी विमानविद्येतील अभियंता फ्रँक रुडी याने तळव्यात वायूची पिशवी बसविण्याची युक्ती काढली. नायके कंपनीने १९७८ मध्ये तसा पहिला जोड विक्रीस आणला. (त्याच वर्षी जालंधर येथे शिवनाथ सिंग यांनी २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली. ते पुष्कळदा अनवाणीच धावत!) परंतु पिशवी आत दडलेली, ग्राहकाने विश्वास कशावर ठेवावा? मूळचा वास्तुविशारद असलेल्या टिंकर हॅटफील्डने पॅरिसचे पाँपिदू केंद्र पाहिले होते. त्या इमारतीचे नळ व सांगाडा बाहेरून उघडे दिसतात. तीच कल्पना त्याने १९८७ मध्ये बुटात उतरविली आणि ‘एअर मॅक्स’ जन्मास आला.

त्याच्या कीर्तीपुढे इतरांचे प्रयत्न झाकोळले. सॉकनीने १९९१ मध्ये रॅकेटच्या तारांसारखी जाळी तळव्यात विणली. पुमाने १९९८ मध्ये मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे बसविली. आमच्या मते सॉकनीची जाळी सर्वांत चतुर, आणि उपेक्षाही तिचीच अधिक झाली. नायकेच्या पिशवीतील वायू मात्र निरुपद्रवी नव्हता. सल्फर हेक्साफ्लोराइड हा वायू कर्बद्विप्राणिल वायूच्या वीस हजारांहून अधिक पट उष्णता धरून ठेवतो. २००६ पर्यंत कंपनीने त्याजागी नायट्रोजन आणला.

करोल बागेत असा जुना, कोरा जोड स्वस्तात मिळाला, तर मुलांसाठी घेण्याचा मोह साहजिक आहे. येथेच सावध असावे. त्या काळच्या अनेक तळव्यांत पॉलियुरेथेन वापरीत. हवेतील ओलाव्याने त्याचे बंध हळूहळू तुटतात; बूट पेटीत पडून राहिला तरी हे घडतच असते. पंधरा-वीस वर्षांचा असा तळवा दोन फेऱ्यांत भुग्यासारखा सुटतो आणि धावणारा तोंडघशी पडतो. तळव्याच्या कडेला अंगठ्याने दाबून पाहावे. चिकटपणा वा भेगा दिसल्यास जोड परत ठेवावा. जुन्या धाटणीचे जोड नव्यानेही निघतात. ते घेताना पेटीवर छापलेला उत्पादनाचा अथवा आयातीचा महिना व वर्ष किमतीच्या आधी वाचावे.